माळढोक गेला कोठे? माळ, ऊस आणि आपण



या पत्रिकेतून आम्ही दर खेपेला बेणे, लागण, खताच्या मात्रा, पाचट, तोडणी-वाहतूक यांबद्दल लिहीत असतो. या खेपेस विषय थोडा निराळा आहे, पण आपल्या शेताच्या बांधापलीकडचा नाही. सोलापूर आणि नगरच्या माळावर एके काळी सहज दिसणारा माळढोक हा पक्षी आज जवळजवळ नाहीसा झाला आहे. तो का गेला, त्यात उसाचा वाटा किती, सरकारचा किती, शिकाऱ्यांचा किती, आणि जे अजून शिल्लक आहे ते राखायचे तर आपण काय करू शकतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी लिहिलेला नाही. दुष्काळी मुलखात पाणी आले तर माणूस ऊस लावणारच. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले, त्यांना "माळ तसाच ठेवायला हवा होता" असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु काय झाले ते समजून घेण्याचा अधिकार मात्र सर्वांना आहे.

पक्षी कोणता?

माळढोक म्हणजे माळावरचा ढोक. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, गुजरातेत घोराड, तर हिंदी मुलखात सोनचिरैया. उभा राहिला की साधारण एक मीटर उंच भरतो. लांब मान, उंच पाय, अंगावर मातकट तपकिरी रंग, डोक्यावर काळी टोपी. नराचे वजन बारा-पंधरा किलोपर्यंत जाते. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातील सर्वांत वजनदार पक्ष्यांत त्याची गणना होते. मादी मात्र नराच्या निम्म्याहूनही हलकी.

खाणे काय? टोळ, नाकतोडे, भुंगेरे, सरडे, शिवाय बोरे, भुईमुगाच्या शेंगा, धान्याचे दाणे. म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर नुकसान नाममात्र आणि उपयोग बराच. पावसाळा सुरू झाला की नर मोकळ्या उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवून खाली लोंबत सोडतो, शेपूट पाठीवर उलटी उभारतो आणि घुमल्यासारखा खोल आवाज काढतो. हा आवाज अर्ध्या किलोमीटरवर ऐकू जातो. मादीने त्याला लांबून पाहावे, यासाठी हा सारा खटाटोप. आणि लांबून दिसायचे तर मध्ये आडोसा असून चालत नाही. ही एक बाब ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

वर्षाला एक अंडे

माळढोकाच्या संसाराचा हिशेब फार तोट्याचा आहे. मादी घरटे बांधीत नाही. उघड्या माळावर, गवताच्या चार काड्यांच्या आडोशाला, साधारणपणे वर्षाला एकच अंडे घालते. सत्तावीस दिवसांच्या आसपास एकटीच त्यावर बसते. नर मदतीला नसतो. कुत्रे आले, कोल्हा आला, कावळ्याने पाहिले, मेंढरांचा कळप वरून गेला की वर्ष वाया.

हिशेबासाठी आपण असे धरू, की एका माळावर वीस पक्षी आहेत, त्यांत दहा माद्या. दहा अंडी झाली. चार कुत्र्या-कावळ्यांनी नेली. सहा पिले निघाली, त्यांतली निम्मी पहिले वर्ष काढू शकली नाहीत. हाती राहिली तीन. वीस मोठ्या पक्ष्यांपैकी वर्षाला एखाद-दोन म्हातारपणाने किंवा आजाराने जाणारच. म्हणजे निव्वळ वाढ एक किंवा दोन पक्ष्यांची. आता त्या माळावर वर्षाकाठी दोन पक्षी जरी शिकारीने किंवा विजेच्या तारेला धडकून मेले, तर सगळी शिल्लक संपली. तीन मेले तर भांडवलाला हात लागला. कारखाना एखाददुसऱ्या हंगामातला तोटा सहन करतो, पण दर हंगामात भांडवल खाऊन तो चालत नाही. माळढोकाचे नेमके हेच झाले.

१९६९ च्या सुमारास देशभरात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज करण्यात आला होता. आज हा आकडा दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आहे, आणि त्यांतले बहुतेक सर्व राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला. गुजरातेत कच्छमध्ये अगदी मोजके उरले. आपल्या सोलापूरच्या माळावर अलीकडच्या गणनांत कधी एखादा दिसतो, कधी एकही दिसत नाही. जगातील संकटग्रस्त प्राण्यांची जी लाल यादी केली जाते, तीत २०११ पासून माळढोक अखेरच्या पायरीवर, म्हणजे "अतिसंकटग्रस्त" या वर्गात आहे. या पायरीनंतर रानातून नामशेष होणे एवढेच उरते.

देशाचा राष्ट्रीय पक्षी ठरवण्याची चर्चा चालू होती तेव्हा थोर पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी माळढोकाचे नाव सुचवले होते. १९६३ साली मान मोराला मिळाला. मोराबद्दल आमची काही तक्रार नाही. परंतु मोर गावोगाव आहे आणि माळढोक संपत आला, हे पाहिले म्हणजे सालिम अलींच्या सूचनेमागची दृष्टी कळते.

माळ म्हणजे पडीक नव्हे

आपल्याकडे जमिनीची प्रतवारी करताना आपण काळी, मध्यम, हलकी, मुरमाड आणि शेवटी पडीक अशी उतरंड लावतो. सरकारी दप्तरातही गवताळ माळाला कित्येक वर्षे पडीक हेच नाव आहे. पडीक म्हटले की दोनच गोष्टी सुचतात. एकतर नांगर घाला, नाहीतर झाडे लावा.

परंतु माळ ही निसर्गाने केलेली पुरी व्यवस्था आहे. पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा, खाली वीतभर माती आणि मग मुरूम. अशा जागी दाट जंगल होत नाही, गवत होते. पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते या मातीला धरून ठेवतात, पावसाचे पाणी सावकाश मुरवतात आणि मेंढरांना, गाईगुरांना चारा पुरवतात. या गवताच्या जिवावर काळवीट जगते, काळविटामागे लांडगा येतो. खोकड, तरस, ससा, धाविक, चंडोल, भाट तितर हे सारे माळाचेच कुटुंब. थंडीत उत्तरेकडून भोवत्या पक्षी येतात आणि हंगामभर टोळ-नाकतोडे टिपत हिंडतात. धनगराचे सारे गणित याच माळावर बसवलेले असते.

म्हणून माळावर झाडे लावणे हे नेहमीच पुण्याचे काम असते असे नाही. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. वृक्षारोपणाच्या मोहिमांत गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी यांच्या रांगा उघड्या माळावर लावल्या गेल्या. झाडे वाढली, गवत दबले, मोकळी नजर गेली. नर नाचतो ते मादीने लांबून पाहावे म्हणून, आणि मादी अंड्यावर बसते ती चहूकडून येणारा शत्रू दुरून दिसावा म्हणून. मध्ये झाडी आली की दोन्ही कामे थांबतात. झाड चांगलेच, पण बांधावर, ओढ्याकाठी, गावठाणात, रस्त्याच्या कडेला. माळाचा दागिना गवत हाच.

अभयारण्य आले आणि गाठ बसली

सोलापूरपासून जवळच उत्तर सोलापूर तालुक्यात नान्नज गाव आहे. द्राक्षबागायतदारांना हे नाव सांगावयास नको, कारण सोनाका ही द्राक्षाची जात याच गावची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे सर्वांचे लक्ष वेधले. गवतासाठी राखलेल्या वनखात्याच्या तुकड्यांवर हे पक्षी वीण करीत. गवत राखले की पक्षी येतो, हे तेथे प्रत्यक्ष दिसून आले.

१९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र किती? सोलापूर आणि त्यावेळचा अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. या हद्दीत शेते होती, विहिरी होत्या, गावे होती, बाजारपेठा होत्या, रस्ते होते. खुद्द वनखात्याच्या ताब्यातील जमीन त्यात अगदी थोडी, बाकी सारी खाजगी मालकीची. जेथे माळढोक कधी फिरकलाही नसेल अशी बागायती गावेही कागदावर अभयारण्यात गेली.

यापुढचे सभासदांना वेगळे सांगायला नको. जमिनीचे व्यवहार, बिनशेती, रस्ते, उद्योग, जे काही करायचे त्यात परवानगीची अट आडवी येऊ लागली. "अहो, पक्षी राहिला बाजूला, आमचा सात-बारा अडकला," असे लोक उघड बोलू लागले. पक्ष्याबद्दल ज्याच्या मनात काडीचा राग नव्हता, त्याच्याही मनात तो भरला. अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने हद्द कमी करण्यात आली आणि २०१२ च्या सुमारास अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. पण तोवर तीन दशके गेली होती. कागदावर आठ हजारांवर चौरस किलोमीटर राखलेले, आणि प्रत्यक्ष माळावर पक्ष्यांची संख्या दरसाल उतरतीला, असा हा उलटा व्यवहार झाला.

नगर जिल्ह्यातच कर्जत तालुक्यात याच्या उलट उदाहरण आहे. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० साली झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा तुकड्यात गवत राखले आणि काळविटे टिकली. अर्थात काळवीट आणि माळढोक यांची गरज सारखी नाही. माळढोकाला हिंडायला फार मोठा मुलूख लागतो. परंतु नेमकी जागा नीट राखणे हे अमाप जागा नुसती जाहीर करण्यापेक्षा बरे, एवढे त्यावरून कळते.

करेऱ्याचा धडा

आपल्यासारखेच एक उदाहरण मध्य प्रदेशातले आहे. शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे माळढोकासाठी १९८१ साली अभयारण्य करण्यात आले. तेथेही जमीन मुख्यतः शेतकऱ्यांची. सुरुवातीस पक्षी वाढले, त्यांचे रीतसर अभ्यास झाले, लोक लांबून पाहायला येऊ लागले. पण जमीन विकता येईना, घेता येईना. काळविटे वाढली, त्यांनी पिके खाल्ली. नुकसान शेतकऱ्याचे आणि कौतुक पक्ष्याचे, अशी वाटणी झाली. लोकांचा विरोध वाढला, माळाची नासधूस झाली आणि १९९० च्या दशकात करेऱ्याचा माळढोक संपला. पक्षी गेल्यावरही अनेक वर्षे अभयारण्याचे बंधन मात्र लोकांच्या डोक्यावर राहिले.

यातून निघणारा धडा सहकारात वाढलेल्या माणसाला लवकर पटेल. ज्यांच्या जमिनीवर योजना राबवायची, त्यांना भागीदार न करता ती वरून लादली तर ती टिकत नाही. साखर कारखाना शेतकऱ्याचा झाला, कारण त्यात शेतकऱ्याचा भाग होता, मत होते आणि नफ्यातोट्यात वाटा होता. माळ राखण्याच्या कामात मात्र शेतकऱ्याला ना भाग मिळाला, ना मत; त्याच्या वाट्याला फक्त नोटीस आली.

पाणी आले, माळ गेला

आता उसाकडे वळू. पूर्वी या भागात ज्वारी, तूर, करडई, भुईमूग, मटकी अशी कोरडवाहू पिके होत. ती पिके आणि माळढोक यांचे फारसे वैर नव्हते. कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात, भुईमुगाच्या काढणीनंतर, पक्षी किडे व दाणे टिपत फिरत असत. पीक ठेंगणे, वर्षातून कित्येक महिने रान मोकळे, माणसांचा वावर मोजका. माळ आणि कोरडवाहू रान मिळून पक्ष्याचे घर पुरे होई.

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. कालवे आले, उपसा योजना आल्या, विहिरींना मोटारी बसल्या, पुढे कूपनलिका आल्या. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात आघाडीवर गेला. यात लाखो कुटुंबांचे भले झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र उसाचे रान बारा महिने उभे, पुरुषभर उंच आणि दाट. द्राक्षाचा मांडव, तारा आणि खांब यांची गोष्टही तीच. उघड्यावर राहणाऱ्या पक्ष्याला यात पाऊल ठेवायला जागा नाही.

गंमत पाहा. पुणे आणि नगर जिल्ह्यांत उसाच्या फडात बिबट्या राहायला आला, कारण त्याला लपायला आडोसा मिळाला. माळढोकाला नेमका तोच आडोसा नको होता. एकाच पिकाने एका प्राण्याला गावात आणले आणि दुसऱ्याला मुलखातून घालवले. प्राण्याला "जंगल" लागते असे आपण सरसकट म्हणतो ते बरोबर नाही. ज्याला त्याला आपापली जागा लागते.

तथापि केवळ उसावर खापर फोडणे हेही खरे होणार नाही. बंदुकीची, जीपगाडीतून होणारी शिकार फार आधीपासून चालू होती. माळांचे तुकडे पडले. गावोगावी मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या वाढल्या. कीटकनाशकांमुळे टोळ-भुंगेरे कमी झाले. रस्ते, खाणी, प्लॉट आणि विजेच्या वाहिन्या आल्या. वर्षाला एक अंडे घालणाऱ्या पक्ष्याला यांतले एखादे संकट पेलले असते; सारी एकदम आली ती पेलली नाहीत.

तारांचा फास

विजेच्या तारांबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण हा विषय अनेकांना नवा आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत. बाजूचे त्याला उत्तम दिसते, पण उडताना अगदी समोरचे नीट दिसत नाही. त्यात वजन मोठे, त्यामुळे ऐन वेळी चटकन वळता येत नाही. तार दिसेपर्यंत धडक बसते. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने थरच्या वाळवंटात केलेल्या अभ्यासावरून तेथे दरवर्षी सुमारे १८ माळढोक तारांना धडकून मरत असावेत असा अंदाज निघाला. एकूण दीडशेच्या आत पक्षी, आणि वर्षाला अठरा मृत्यू! वरचा वीस पक्ष्यांचा हिशेब येथे लावून पाहावा.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने राजस्थान व गुजरातमधील माळढोकाच्या मुलखात तारा भूमिगत करण्याचा आणि पक्ष्यांना तार दिसावी म्हणून तिच्यावर खुणेच्या चकत्या बसवण्याचा आदेश दिला. सौर व पवन वीज प्रकल्पांची अडचण पुढे आल्यावर मार्च २०२४ मध्ये त्या सरसकट आदेशात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. एका बाजूला स्वच्छ वीज, दुसऱ्या बाजूला संपत आलेला पक्षी. दोन्ही बाजूंना चांगलेच काम, आणि तरी भांडण. असे प्रश्न सर्वांत अवघड असतात.

आपल्याकडेही गायरान आणि पडीक म्हणून नोंदलेल्या जमिनींवर सौर प्रकल्प उभे राहत आहेत. दिवसा वीज मिळावी ही आपलीच जुनी मागणी, तेव्हा प्रकल्पाला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र गावातील कोणता तुकडा द्यायचा हे ठरवताना गवताचा चांगला माळ सोडून खरोखर नापीक, खाणीने उखडलेली किंवा गावालगतची जागा आधी दाखवावी. ग्रामसभेत हा प्रश्न विचारण्यास पैसे लागत नाहीत.

बेणे मळा जैसलमेरला

आता थोडी आशेची बातमी. आपण मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशा तीन पायऱ्यांनी उसाचे बेणे वाढवतो. जात बिघडू नये, संपू नये म्हणून बेणे मळा वेगळा राखतो. माळढोकाबाबतही आता असाच प्रयत्न चालू आहे. केंद्र सरकार, राजस्थान सरकार आणि भारतीय वन्यजीव संस्था यांच्यात २०१८ साली करार झाला. २०१९ पासून जैसलमेर भागातून रानातील काही अंडी उचलून ती यंत्रात उबवण्यास व पिले हाताने वाढवण्यास सुरुवात झाली. सम आणि रामदेवरा येथे ही केंद्रे आहेत. तेथे वाढलेल्या पक्ष्यांनी पुढे स्वतः अंडी घातली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिलू जन्मले. गाई-म्हशींना कृत्रिम रेतन आपल्याला रोजचे झाले आहे, पण माळढोकाच्या बाबतीत ही मोठीच मजल होय. २०२५ पर्यंत केंद्रातील पक्ष्यांची संख्या पन्नासच्या पुढे गेली.

म्हणजे बेणे हाती आहे. पण बेणे असून लागणीला रान नसेल तर? उद्या हे पक्षी सोडायचे ठरले तर ते कोठे सोडणार? जेथे गवताचा सलग माळ असेल, तारा कमी असतील, कुत्र्यांचा उपद्रव नसेल आणि गावचे लोक राजी असतील, अशाच ठिकाणी. सोलापूरच्या माळावर तो दिवस येईल की नाही, हे त्या वेळी कोणता माळ शिल्लक आहे आणि गावे काय म्हणतात यावर ठरेल. पिंजऱ्यातील पक्षी म्हणजे मुदत ठेव होय. ती मोडून संसार उभा करायचा तर घर लागतेच.

यात आपला फायदा काय?

हा प्रश्न सभासद विचारतील आणि विचारावाच. आमच्या मते फायदा तीन प्रकारचा आहे.

पहिला पाण्याचा. पाटाने पाणी दिलेल्या उसाला साधारण २०० ते २५० सेंटीमीटर पाणी लागते. आपल्या भागात पाऊस पडतो त्याच्या तीन-चार पट. ही तूट धरण आणि भूगर्भ यांतून भरायची. वरच्या अंगाच्या माळावर गवत असेल तर पाणी थबकते, मुरते आणि खालच्या विहिरीला लागते. माळ नांगरून उघडा केला की तेच पाणी मातीसकट ओढ्याला जाते. म्हणजे वरचा माळ हा खालच्या उसाचा न दिसणारा तलाव आहे.

दुसरा चाऱ्याचा. ऊस हेच एक पीक धरले की वाढ्याचे दिवस संपले की चाऱ्याची ओरड सुरू होते. राखलेल्या माळावरील मारवेल-पवन्या पावसाळ्यानंतर कापून गंजी घातली तर उन्हाळ्यात जनावरांना आधार होतो. दूध संस्थांच्या सभासदांना याचे मोल सांगावयास नको.

तिसरा खर्चाचा. वीतभर मातीच्या मुरमाड माळावर गाळाची माती टाकून, पाच-सातशे फूट कूपनलिका घेऊन, लांबून पाइपलाइन आणून ऊस लावला तर त्याचे उत्पादन काळ्या रानाची बरोबरी करीत नाही आणि कर्ज मात्र बरोबरीने वाढते. दोन वर्षे पाऊस हुकला की कूपनलिका कोरडी आणि हप्ता चालू. तेवढाच पैसा खालच्या चांगल्या रानात ठिबकावर घातला तर पाणी चाळीस ते पन्नास टक्के वाचते आणि एकरी उतारा वाढतो. क्षेत्र वाढवून टनेज वाढवण्यापेक्षा उतारा वाढवून टनेज वाढवणे कारखान्यालाही फायद्याचे, सभासदालाही आणि माळालाही.

सभासदांनी काय करावे?

आम्ही मोठमोठ्या गोष्टी सांगत नाही. जमेल तेवढे सांगतो.

१. ज्यांच्या सात-बाऱ्यावर मुरमाड माळ आहे त्यांनी तो सगळाच न फोडता निदान काही भाग गवताला राखावा. चराई बंद ठेवून पावसाळ्यानंतर, बी गळाल्यावर, गवत कापावे.

२. गावच्या गायरानाची मोजणी, हद्द आणि अतिक्रमण यांचा विषय ग्रामसभेत घ्यावा. तेथे झाडे लावायची झाली तर कडेने लावावीत, मधले गवत मोडू नये.

३. पाचट पेटवू नये. बांधावरची आग वाऱ्याने माळात शिरते आणि गवताबरोबर अंडी-पिले, ससे, सरडे सारे जळते. पाचट कुजवण्याचे फायदे आम्ही वेळोवेळी दिलेलेच आहेत.

४. मेलेली जनावरे, कोंबड्यांची घाण माळावर उघडी टाकू नये. त्यावर मोकाट कुत्री पोसली जातात आणि तीच पुढे शेळ्या-मेंढरांवर व पक्ष्यांच्या अंड्यांवर तुटून पडतात.

५. काळवीट किंवा रानडुकराने पीक खाल्ले तर कुंपणात वीज सोडू नये. त्यात माणसेही मरतात. वनखात्याकडे वेळेत अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. नुकसानभरपाईची तरतूद आहे, ती मागणे हा हक्क आहे.

६. माळढोक दिसलाच, तर गर्दी करू नये, फोटोसाठी पाठलाग करू नये, घरट्याजवळ जाऊ नये. लगेच वनखात्यास कळवावे. हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षे, कमाल सात वर्षे कैद आणि निदान पंचवीस हजार रुपये दंड आहे.

आणि सरकारकडेही आपली मागणी असावी. माळ राखणाऱ्या शेतकऱ्याला दरवर्षी एकरी मोबदला मिळावा. उसाला दर मिळतो, दुधाला दर मिळतो, मग सर्वांच्या उपयोगाचे गवत राखणाऱ्याला काहीच का नाही? हद्दी ठरवताना गावाला विचारावे, नोटीस शेवटी पाठवावी. करेऱ्याला जे झाले ते पुन्हा होऊ नये.

माळढोक आज मागे फिरून येईल असे आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. पण माळावर केवळ माळढोकच राहत होता असे नाही. लांडगा, खोकड, काळवीट, धाविक, चंडोल अजून आहेत. एकाचा हिशेब चुकला म्हणून बाकीच्यांची खाती बंद करण्याचे कारण नाही. शिवाय कोणता माळ उद्या कामी येईल हे आज कोणी सांगावे? बेण्याचा एक डोळा जिवंत असेल तर त्यापासून फड उभा राहतो, हे आपल्यापेक्षा अधिक कोणाला ठाऊक असणार!

या विषयावर सभासदांचे अनुभव असतील, विशेषतः जुन्या मंडळींनी माळढोक पाहिला असेल, कोणत्या शिवारात, कोणत्या साली, किती, तर ते गटकार्यालयात लिहून द्यावेत. आपल्या गावी राखण्याजोगा माळ कोठे आहे तेही कळवावे. अशी यादी झाली तर वनखात्यापुढे आणि कृषिखात्यापुढे ती मांडणे सोपे जाईल.

— संपादक मंडळ